उजव्या हाताला पाहा

मुंबई आपल्याला पाठ आहे, अशी माझी गेली तीस वर्षे समजूत होती. डहाणूजवळच्या आगर गावात जन्मलेल्या माणसाला मुंबई म्हणजे काही परदेश नव्हे. आमच्या वाड्यांतले चिकू मुंबईस जातात, शिकलेली मुले मुंबईस जातात, आणि बरी न होणारी दुखणीही मुंबईसच जातात. मी स्वतः विद्यार्थिदशेत तेथे चार वर्षे काढली. पुढे इतिहासाचा प्राध्यापक झाल्यावर दप्तरखान्यातील जुने कागद, परीक्षकांच्या बैठका आणि विद्यापीठाची कामे यांच्या निमित्ताने महिन्याकाठी एखादी तरी खेप घडतच आली आहे. त्यामुळे फोर्टमधल्या रस्त्यावर 'मुंबई दर्शन' अशी पाटी मिरवणारी बस दिसली, आणि तिच्या खिडक्यांतून एकाच वेळी उजवीकडे वळलेली चाळीस डोकी दिसली, की मला त्या डोक्यांची मोठी कीव येत असे. साडेतीनशे वर्षांची घडामोड सकाळी नऊ ते सायंकाळी सात या वेळात उरकू पाहणारी ही भाबडी मंडळी! आणि त्यांच्या पुढे उभा राहून, हातातल्या ध्वनिवर्धकातून त्यांना खरेखोटे भरवणारा तो मार्गदर्शक!

अशाच एका बसमध्ये एके दिवशी मी स्वतः, पदरच्या पैशाने तिकीट काढून, जाऊन बसलो. याचे सारे श्रेय माझ्या आत्याला आहे.

आत्याचे वय अठ्ठ्याहत्तर. तिचे सासर गावातच, आमच्या घरापासून दोन वाड्या सोडून. तिला मूलबाळ नाही, आणि आतोबा जाऊन तीस वर्षे उलटली. चिकूच्या वाडीचा सगळा व्यवहार ती अजूनही स्वतः पाहते. एके संध्याकाळी ओट्यावर बसलो असता ती अचानक म्हणाली, "अरे, मला एकदा मुंबई दाखवशील का?"

मला हसू आले. "आत्या, तू मुंबईला किती वेळा गेली आहेस, मोज बरं!"

तिने खरोखरच बोटे मोडून मोजले. "सात वेळा. चारदा यांच्या दुखण्यासाठी, दोनदा माझ्या डोळ्यांसाठी आणि एकदा तुझ्या लग्नाच्या खरेदीला. तेव्हाही दुकानातून दुकानात. कामाला जाणं निराळं, बघायला जाणं निराळं."

मी म्हणालो, "मग आपण मोटार ठरवू. मी तुला सगळं नीट समजावून सांगेन."

"नको," ती लगबगीने म्हणाली, "तू शिकवायला लागशील. मला त्या बसमधूनच जायचं आहे. सगळी माणसं बसतात ना, त्या."

माझ्या अध्यापनाविषयी इतके स्पष्ट मत आजवर एकाही विद्यार्थ्याने माझ्यासमोर मांडलेले नाही. पण त्या क्षणी मला त्याहून दुसरीच एक गोष्ट टोचली. मुंबई दाखवण्याचे हे वचन मी तिला आजच प्रथम देत नव्हतो.

कोजागिरी होऊन दोन दिवस झाले होते. आम्ही पहाटे डहाणू रोड स्थानक गाठले. २०१३ सालापासून उपनगरी गाडी थेट डहाणूपर्यंत येऊ लागली, त्यामुळे आता विरारला उतरून गाडी बदलण्याची दगदग उरलेली नाही. आगरहून निघून बसच्या आगारात पोचायला आम्हांला चार तास लागले. या दोन शब्दांत एका काना-मात्रेचेच काय ते अंतर, असा विनोद मी केला. आत्या हसली नाही. ती खिडकीतून बाहेर पाहत होती.

बसमध्ये सोलापूरकडचे एक मोठे कुटुंब होते, नवीन लग्न झालेली दोन जोडपी होती, इंदूरचे एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. आमचा मार्गदर्शक पंचविशीचा तरुण होता. त्याचे बोलणे अर्धे मराठीत आणि अर्धे हिंदीत चाले, आणि प्रत्येक वाक्याचा आरंभ 'उजव्या हाताला पाहा' किंवा 'डाव्या हाताला पाहा' असा होई. जगात या दोन दिशांखेरीज तिसरी दिशा नाही, असे त्याच्या स्वरावरून वाटे.

गेटवे ऑफ इंडियासमोर आम्हांला उतरवून तो म्हणाला, "या दारातून व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात आली."

माझ्यातला प्राध्यापक एकदम ताठ झाला. मी तोंड उघडणार, तोच आत्याने माझे कोपर धरले. "त्याला बोलू दे. तू मला सांग."

म्हणून मी तिला हळू आवाजात सांगितले. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानात कधीच आली नाही. आला तो तिचा नातू पाचवा जॉर्ज, राणी मेरीसह, १९११ च्या डिसेंबरात. त्याच्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान उभारायचे ठरले, परंतु तो आला तेव्हा त्याला दाखवायला पुठ्ठ्याची प्रतिकृती तेवढी होती. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ रोजी, जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पकाच्या आराखड्याप्रमाणे काम पुरे झाले १९२४ साली, आणि त्याच वर्षीच्या ४ डिसेंबरला उद्घाटन झाले.

आत्याने कमानीकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "म्हणजे पाहुणा येऊन गेला, आणि मग तेरा वर्षांनी दार तयार झालं."

"तसंच म्हण. पण १९४८ च्या २८ फेब्रुवारीला इंग्रजांची शेवटची पलटण निघून गेली, ती मात्र याच दारातून."

"मग उपयोगी पडलं की!" आत्या म्हणाली.

गेटवेविषयी मी पुष्कळ वाचले आहे. वर्गातही त्यावर बोललो आहे. इतक्या थोड्या शब्दांत त्याचा निकाल लावलेला मात्र माझ्या वाचनात नाही.

तेथेच आणखी एक गोष्ट घडली. धक्क्यावरचे पाणी न्याहाळत आत्याने विचारले, "तो पाण्यातला दर्गा आपण किती वाजता बघणार?" मार्गदर्शक म्हणाला, "हाजी अली? दीड वाजता, आजी. समुद्रातून चालत जायचं, मजा येईल." आत्याने बोटांवर काही तरी मोजले आणि म्हणाली, "दीडला वाट पाण्याखाली असेल." तो हसला. वडीलधाऱ्या माणसांपुढे हसावे तितपतच हसला, पण हसला.

बस निघाली. वस्तुसंग्रहालय पाऊण तासात पाहून झाले. ओव्हल मैदानाच्या कडेने जाताना मार्गदर्शकाने राजाबाई टॉवर दाखवला. त्या मनोऱ्याखालच्या ग्रंथालयात मी माझ्या आयुष्यातल्या किती दुपारी घालवल्या असतील, याची गणती नाही. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने त्यासाठी पैसा दिला, २८० फूट उंचीचा हा मनोरा १८७८ साली पुरा झाला, आणि दात्याच्या आईचे नाव त्याला मिळाले, एवढे मला ठाऊक होते. मार्गदर्शकाने मात्र लोकांत चालत आलेली आख्यायिका सांगितली. राजाबाई डोळ्यांनी अधू होत्या. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा जैनांचा नेम त्यांना पाळायचा असे. वेळ किती झाली ते घड्याळाच्या ठोक्यांवरून त्यांना कळावे, म्हणून मुलाने हा मनोरा बांधवला.

या कथेला कागदोपत्री आधार कितपत, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. परंतु आत्या मान वळवून मनोरा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली, आणि म्हणाली, "तिच्या नावाचा एवढा मनोरा, आणि तिने तो पाहिलाच नाही." मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "ऐकला मात्र असेल."

मी गप्प बसलो. चार वर्षे ज्या घड्याळाचे ठोके मी अभ्यासात व्यत्यय म्हणून ऐकले, ते कोणासाठी तरी वाजत असतील, असा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

मरीन ड्राइव्हवर बस हळू झाली. समुद्र मागे हटवून ही जमीन मिळवली, असे मार्गदर्शकाने अभिमानाने सांगितले. आत्या म्हणाली, "आपल्याकडे समुद्र जमीन घेतो, इथे जमीन समुद्र घेते. कुठे तरी बरोबर होत असेल." मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनमध्ये तिला फुलांचे काही विशेष वाटले नाही. पण ही बाग १८८१ च्या सुमारास पाण्याच्या मोठ्या टाकीवर रचली आहे, हे कळताच तिने पायाखालच्या हिरवळीवर हलकेच टाच आपटून पाहिली. वाडीला पाणी देण्यात जिचा जन्म गेला, तिला पाण्यावर बाग लावणाऱ्यांचे कौतुक वाटावे यात नवल नाही. समोरच्या कमला नेहरू उद्यानात दगडी 'म्हातारीचा बूट' आहे. सोलापूरची मुले त्यात चढली. त्यांच्या आजीने आत्याला विचारले, "तुम्ही नाही जात?" आत्या म्हणाली, "बूट एकच आहे हो. दुसरा सापडला की जाईन."

बरोबर दीडच्या सुमारास आम्ही हाजी अलीला पोचलो. दर्ग्याकडे जाणारी वाट दिसत नव्हती. पांढरी वास्तू पाण्यात उभी होती, आणि वाटेच्या दोन्ही बाजूंचा समुद्र एक झाला होता. मार्गदर्शकाने एकदा पाण्याकडे आणि एकदा आत्याकडे पाहिले.

"आजी, तुम्हांला कसं कळलं?"

"परवा पुनव झाली. आज दुसरा दिवस. तिथीची पाऊणपट कर, म्हणजे भरतीची वेळ निघते. बिजेला दीड, चतुर्थीला तीन. आमच्याकडे पोरासोरांनाही येतं."

किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब मलाही लहानपणी येत होता. तो मी केव्हा विसरलो, हे सांगता येणार नाही. मार्गदर्शकाने खिशातून एक चिटोरे काढून तो लिहून घेतला. त्यानंतर दिवसभर 'उजव्या हाताला पाहा' म्हटल्यावर तो एक क्षण आत्याकडे पाही, जणू परीक्षकाकडे पाहावे तसा.

वरळीला जेवणे झाली, आणि बस सिद्धिविनायकाकडे निघाली. एका सिग्नलपाशी बराच वेळ थांबावे लागले. आमच्या शेजारी एक तांबडी बस उभी होती, आणि तिच्या कपाळावर 'परळ' असे लिहिले होते. आत्या ते अक्षर लावून वाचत होती. मग तिने त्या बाजूच्या रस्त्याकडे बोट करून मार्गदर्शकाला विचारले, "तिकडे जायचं नाही ना?"

"तिकडे काही बघण्यासारखं नाही, आजी. सगळी रुग्णालयं आहेत."

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "मी पाहिलंय ते."

आणि ती त्या रस्त्याकडे पाहत राहिली.

१९९४ च्या पावसाळ्यात आतोबा परळच्या एका रुग्णालयात दोन महिने होते. मी तेव्हा एम. ए. च्या वर्गात होतो आणि वसतिगृहात राहत होतो. आत्या जवळच्या एका धर्मशाळेत राही. सकाळी पेज करून नेई आणि रात्री परत येई. तिचा हा नित्यक्रम मला अर्धामुर्धाच ठाऊक होता, कारण मी आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, जात असे. परीक्षा जवळ आली होती. आतोबांची खाट खिडकीशी होती, आणि त्या खिडकीतून एका गिरणीचे उंच धुराडे दिसे. १९८२ च्या संपानंतर थंडावलेल्या अनेक गिरण्यांपैकी ती एक. आतोबा रोज विचारीत, "हिचा धूर कधी निघतो रे?" निघत नाही, असे सांगायला मला धीर होत नसे. मी म्हणे, "रात्रपाळीला निघतो." ते समाधानाने मान हलवीत, आणि मग आत्याला सांगत, "बरा झालो, की हा पोरगा आपल्याला मुंबई दाखवील. राणीचा बाग, समुद्र, सगळं." मी म्हणे, "हो, दाखवीन ना."

ऑगस्टमध्ये ते गेले. मुंबई म्हणून त्यांनी जे पाहिले, ते एक धूर न सोडणारे धुराडे.

त्या दोन महिन्यांत आत्याला एखाद्या संध्याकाळी बाहेर काढून समुद्रावर नेणे मला काही अशक्य नव्हते. परळहून चौपाटी कितीशी दूर? पण ते सुचले नाही. दुखण्यासाठी आलेल्या माणसाने शहर पाहावे, हे मला तेव्हा औचित्याला सोडून वाटले असते. आज वाटते, पाहायची खरी गरज त्यालाच असते. आणि मी ज्याला औचित्य म्हणत होतो, तो बहुधा माझा आळस होता.

सिग्नल सुटला. मी आत्याला म्हणालो, "तेव्हाच आणायला हवं होतं मी तुला."

ती म्हणाली, "तेव्हा मला काही दिसलं नसतं."

मला क्षमा करण्यासाठी ती हे बोलली, की खरेच तसे होते म्हणून, हे मला आजही ठरवता आलेले नाही.

सिद्धिविनायकाचे दर्शन झाले. २००९ साली सुरू झालेल्या सागरी सेतूवरून, साडेपाच किलोमीटर समुद्रावर तरंगत, आम्ही वांद्र्याला उतरलो. तेथे एका नटाच्या बंगल्यासमोर बस रेंगाळली आणि सारी बस उभी राहिली. मीही, खोटे कशाला सांगू, किंचित उचंबळून पाहिले. आत्या बसूनच होती. "काय दिसलं?" तिने विचारले. "घर," मी म्हणालो. "घर कुठे? मला तर भिंत दिसली," ती म्हणाली.

जुहूच्या वाळूवर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. ज्या समुद्रासाठी चाळीस माणसे तिकीट काढून आली होती, तोच समुद्र आमच्या आगरच्या सुरूच्या बनापलीकडे रोज फुकट उभा असतो. पण आत्याने तसे म्हटले नाही. तिने चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतून थोडी चालली. पाठीमागच्या इमारतींतून एकेक दिवा लागू लागला, आणि पाहता पाहता सारा किनारा उजळून निघाला.

मला एकदम आठवले. डहाणूच्या खाडीजवळ ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ साली, आतोबा गेल्यानंतरच्या वर्षी, सुरू झाले. त्याची उंच चिमणी आमच्या गावातून दिसते. तेथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. मी आत्याला म्हणालो, "या दिव्यांतले काही दिवे आपल्या चिमणीचे आहेत, बरं का."

तिने पुष्कळ वेळ त्या दिव्यांकडे पाहिले. "म्हणजे दिवे आपल्या गावाने लावायचे," ती म्हणाली, "आणि आपणच तिकीट काढून बघायला यायचं!" आणि ती इतक्या मोकळेपणाने हसली, की सोलापूरच्या आजी काय झाले ते विचारायला आल्या.

निरोप घेताना मार्गदर्शकाने तिला वाकून नमस्कार केला. तिने पिशवीतून चार चिकू काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि सांगितले, "आज खाऊ नकोस, परवा खा. अजून पिकायचे आहेत."

दिवसभर त्या तरुणाच्या चुका मोजण्याचा संकल्प करून मी निघालो होतो. गेटवेपुढे एक मोजली, आणि पुढे मोजायचे विसरूनच गेलो. गाडीत आत्या झोपी गेल्यावर मी विचार करीत बसलो. मुंबईत मी शेकडो वेळा आलो, तो प्रत्येक वेळी काही तरी घेऊन जाण्यासाठी: पदवी, कागद, पगाराची थकबाकी. ज्याला शहराकडून काही हवे असते, त्याला ते शहर दिसत नाही. त्याला फक्त आपले काम जेथे आहे ती खिडकी दिसते. काही नको असताना, कोणी 'उजव्या हाताला पाहा' म्हटले की निमूटपणे उजव्या हाताला पाहणारी ती चाळीस डोकी माझ्याहून शहाणी होती. नाही म्हटले तरी, पाहण्यासाठी आधी मान वळवावी लागते, आणि माझी मान विद्वत्तेने थोडी आखडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या ओट्यावर शेजारच्या चार-पाच बायका जमल्या होत्या. मी कुंपणाशी थांबलो. आत्या मुंबई सांगत होती, आणि सांगताना तिचा हात नकळत डावीउजवीकडे जात होता.

"उजव्या हाताला ते मोठं दार. राणी आली ना, तिच्यासाठी बांधलेलं. मग तो मनोरा, एका आंधळ्या आईचा. पुढे पाण्यावरची बाग. मग तो समुद्रातला दर्गा, तिथे भरती होती. मग उजव्या हाताला परळ. तिथे आमचे हे दोन महिने होते. समोर गिरणीचं धुराडं दिसायचं, रात्रपाळीला धूर यायचा त्याचा. मग गणपती..."

राणी आली नव्हती. धूरही कधी आला नव्हता, आणि तो येतो असे सांगणारा मीच होतो. इतिहासाचा प्राध्यापक या नात्याने दोन दुरुस्त्या सुचवणे माझे कर्तव्य होते. मी कुंपणाचे फाटक आवाज न करता लोटून घेतले, आणि आल्या वाटेने परत फिरलो.